वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी.: बी.एस्सी.च्या वहीपासून प्रबंधाच्या शेवटच्या प्रतीपर्यंत

दरवर्षी निकाल लागले की एकाच धर्तीचे निरोप येतात. ‘मला वाघांवर काम करायचंय, कुठला कोर्स करू?’ दोन-तीन वर्षांनी त्यातल्याच काहींचा दुसरा निरोप येतो. जानेवारी संपत आला, परवानगी अजून हातात नाही, आता काय करू? किंवा, चार महिने जंगल तुडवलं, पण गाईड म्हणतात या डेटातून काहीच सांगता येणार नाही.

ही मुलं कष्टाळू असतात आणि जंगलावर त्यांचा जीव असतो. चुकतो तो क्रम. आधी प्राणी ठरतो, मग जागा, मग कुठूनतरी पाहिलेली पद्धत, आणि प्रश्न सगळ्यांत शेवटी. परवानगीचा अर्ज तर त्याच्याही नंतर. हा क्रम सरळ कसा करायचा तेवढंच इथे सांगतो. महाराष्ट्रातून शिकायला निघालेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे उदाहरणं इथलीच घेतली आहेत.

निघण्याआधी तपासा: अभ्यासक व्हायचंय की अधिकारी?

या दोन वाटा वेगळ्या आहेत. भारतीय वनसेवेची परीक्षा यूपीएससी घेते. राज्यातल्या सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांची भरती एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेतून होते. दोन्हींना वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ची अट नाही. वर्दी हवी असेल तर ही दोन वर्षं स्पर्धापरीक्षेला द्या. प्राणी, त्यांचा अधिवास आणि माणसं यांच्याबद्दल प्रश्न विचारून उत्तरं मोजून काढायची असतील, तर पुढे वाचा.

## टप्पा १: पदवीच्या वर्षांत काय शिकून घ्यायचं

पदवीच्या नावावरून फार काथ्याकूट होतो. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी कुठूनही इकडे येता येतं. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी हवी असेल तर दापोली आणि अकोला इथे कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालयं आहेत. पदवी कोणतीही घ्या, पण तीन गोष्टी तिच्या बाहेर जाऊन शिकाव्या लागतात. बहुतेक जण नेमक्या त्याच टाळतात.

पहिली, संख्याशास्त्र. सरासरी आणि प्रसरण (व्हेरिअन्स), संभाव्यता, विश्वास-अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल), समाश्रयण (रिग्रेशन) एवढं कागदावर हाताने करून पाहा. मग ‘आर’ ही मोफत संगणक-भाषा शिका. आठवड्याला चार तास दिले तर वर्षभरात हात बसतो. ‘मला गणित नको म्हणून बायो घेतलं’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. हे वाक्य मनात धरून या क्षेत्रात आलात तर पहिल्याच सेमिस्टरला दम लागेल.

दुसरी, झाडं. प्राणी पाहायला आलेला विद्यार्थी झाडाकडे बघत नाही आणि मग अधिवासाच्या रकान्यात ‘दाट जंगल’ असं लिहून मोकळा होतो. सांबर तिथे का आहे याचं उत्तर मात्र त्याच रकान्यात असतं. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात एप्रिलमध्ये फांद्यांवर पान नसतं, तेव्हा सालीवरून झाड ओळखता आलं पाहिजे. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, धावड्याचा फिकट गुळगुळीत बुंधा, कांडोळाचं पांढरंफटक खोड. वनमजुराबरोबर दहा सकाळी चाला, पुस्तकापेक्षा लवकर येईल.

तिसरी, नकाशा. होकायंत्र आणि जीपीएस हातात धरून वाचणं, आणि ‘क्यूजीआयएस’वर साधा नकाशा काढणं. हे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

तपासा: दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तुमच्या तालुक्यातली तीस झाडं पानांशिवाय ओळखता येतात का? पन्नास आकड्यांचा आलेख ‘आर’मध्ये कोणाला न विचारता काढता येतो का? दोन्हींना ‘हो’ असेल तर तयारी ठीक चालली आहे.

## टप्पा २: वही

मला एकच टप्पा निवडून सांगा म्हटलं तर मी हा निवडेन. कॅमेरा नंतर घ्या, वही आज घ्या.

चुकीची नोंद अशी असते: ‘सकाळी माळावर कोल्हा दिसला.’

कामाची नोंद अशी: ‘१४ डिसेंबर. ६:५० ते ८:२०. गायरान ते पाझर तलाव, पायी, २.१ किमी. ७:३० पर्यंत धुकं. ७:४२, ज्वारीच्या बांधावर एक प्राणी, अंदाजे ६० मीटर. आधी कोल्हा वाटला. अंग लहान, शेपूट लांब झुपकेदार, टोक काळं, म्हणून खोकड. खात्री बरीच, पूर्ण नाही. परतीच्या वाटेवर काहीच नाही.’

दुसऱ्या नोंदीत किती वेळ, किती अंतर आणि कुठल्या हवेत पाहिलं ते आहे. म्हणजेच मेहनत मोजलेली आहे. ती नसेल तर ‘यंदा खोकडं कमी दिसली’ या वाक्याला अर्थ उरत नाही, कारण यंदा तुम्ही कमी फिरला असाल. ओळख कशावरून पटवली तेही आहे आणि शंका लपवलेली नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे. काहीच न दिसणं हीसुद्धा नोंद असते.

खोट्या स्थळनोंदीने काय होतं ते आपल्या नंदुरबारमध्येच दिसतं. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. १९१४मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला एक नमुना होता, तो रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातला. नमुन्याला जोडलेल्या, जागा लिहिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पक्षी भलतीकडे शोधला गेला. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना ती चिठ्ठी बनावट असल्याचं उमगलं. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता. मग जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. तुमच्या वहीतलं गावाचं नावही उद्या कोणीतरी तितक्याच विश्वासाने वापरणार आहे.

पक्ष्यांच्या याद्या ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर दिसलेले सगळे पक्षी लिहा, फक्त दुर्मीळ तेवढे निवडू नका. घरट्यांची, गुहांची, पिल्लांच्या जागांची नेमकी ठिकाणं मात्र उघड करू नका.

## टप्पा ३: कोर्स निवडणं आणि प्रवेश

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला वन्यजीवशास्त्र व संवर्धनाचा एम.एस्सी. ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक असतात. या दोन्हींच्या तुकड्या छोट्या असतात, आणि वर्षानुवर्षं एक वर्षाआड भरत आल्या आहेत. इथेच पहिली मोठी चूक होते. पदवी संपते तेव्हा प्रवेशाचं वर्षच नसतं, आणि मुलगा गोंधळून मिळेल तो कोर्स घेतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच पुढच्या तुकडीचं वर्ष बघून ठेवा. मधलं वर्ष मोकळं राहणार असेल तर एखाद्या संशोधन प्रकल्पावर फील्ड असिस्टंट म्हणून काम करा. ते वर्ष वाया जात नाही. मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे काही असतं ते त्या वर्षामुळेच.

पर्याय एवढेच नाहीत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तमिळनाडूत मयिलाडुतुरैजवळच्या ए.व्ही.सी. कॉलेजात वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. होतं. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं, आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाचं एम.एस्सी. आहे. पात्रता, जागा आणि परीक्षेचं स्वरूप वर्षागणिक बदलतं. त्यासाठी त्या वर्षीची अधिसूचनाच वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका.

कोर्स पारखताना माहितीपत्रकावरचा वाघ बघू नका. तीन प्रश्न विचारा. शेवटच्या सेमिस्टरला किमान चार महिन्यांचा स्वतंत्र फील्ड प्रबंध आहे का? संख्याशास्त्राचा वेगळा पेपर आहे का? मागच्या तुकडीतल्या पाच जणांचे प्रबंध कोणत्या विषयांवर, कोणाच्या मार्गदर्शनाखाली झाले? तिसऱ्याचं उत्तर कॉलेजला देता आलं नाही तर दोनदा विचार करा.

इशारा: तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स किंवा सफारी गाईडचं प्रशिक्षण ही विद्यापीठाची पदवी नव्हे. शिकायला हरकत नाही, पण पुढे पीएच.डी.ला ते पुरणार नाही. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-नेटचा जीवशास्त्राचा पेपर, तर ‘गेट’मध्ये परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांतीचा वेगळा पेपर असतो.

मुलाखतीची तयारी बहुतेक जण उलटी करतात. वाघाचं वजन, गर्भकाळ, राष्ट्रीय उद्यानांच्या याद्या पाठ करतात. विचारलं जातं ते असं: ‘गावकरी म्हणतात तलावाभोवती मोर वाढलेत. खरं की नाही, कसं तपासाल?’ इथे मोराबद्दलची माहिती कामाची नाही. वाढले म्हणजे कधीच्या तुलनेत? आधीच्या कोणत्या नोंदी आहेत? मोर वाढले, की शेत मोकळं झाल्याने दिसू लागले? तलावाभोवतीच वाढले की सगळ्या शिवारात? किती ठिकाणी, किती सकाळी, कुठल्या महिन्यात मोजाल? असा विचार मोठ्याने बोलून दाखवायचा असतो. तुमची वही खरी असेल तर हे सहज जमतं.

## टप्पा ४: प्रश्न

प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्रबंधाचा विषय द्यायचा असतो आणि वर्गातल्या निम्म्यांना वाघ हवा असतो.

चार महिन्यांत वाघावर स्वतंत्र काम का जमत नाही, ते आकड्यांत पाहा. एका वाघिणीचा वावर कित्येक चौरस किलोमीटरचा असतो. तुमच्या दोन-तीन बीटांत (बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा तुकडा) मोजून तीन-चार वाघ येतील. तीन जनावरांवरून ‘वाघ असं करतात’ म्हणता येत नाही. मोठ्या प्रकल्पाचा डेटा मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर जे भरपूर आहे आणि मोजता येतं ते निवडा. चितळाचे कळप, कोकणातल्या सड्यांवरचे बेडूक, सोलापूरकडच्या माळावरचे पक्षी, वीजतारांखाली मरणारी पाखरं, मोहाच्या हंगामात येणारी अस्वलाची विष्ठा.

संरक्षित जंगलाबाहेरचं काम कमी दर्जाचं असतं हा समजही काढून टाका. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी नगरकडच्या अकोले भागात, जिथे नावालाही मोठं जंगल नाही, ऊस आणि वस्त्यांच्या मधोमध कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे निघाले. २०१३मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि बिबट्याकडे ‘जंगलातून भरकटलेला’ म्हणून पाहण्याची रीत बदलू लागली. प्रश्न चांगला असेल तर ऊसही प्रयोगशाळा होतो.

प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठे, कोणत्या दोन स्थितींची तुलना, काय मोजणार, आणि काय दिसलं तर तुमचा अंदाज खोटा ठरेल. ‘गुराचराईचा वन्यप्राण्यांवर परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘ज्या कंपार्टमेंटांत (वनखात्याने आखलेल्या कक्षांत) रोज गुरं चरतात तिथे चितळाच्या लेंड्यांचे ढीग गुरं न चरणाऱ्या कंपार्टमेंटांपेक्षा कमी असतात का?’ हा प्रश्न झाला.

आता सगळ्यांत फसवी चूक. समजा तुमचा प्रश्न असा आहे की माणसांची वर्दळ असलेल्या पाणवठ्यावर प्राणी कमी येतात का. तुम्ही एक वर्दळीचा आणि एक शांत असे दोन पाणवठे घेतले, प्रत्येकी चाळीस रात्री बसलात, आठशे नोंदी झाल्या. तुमचे नमुने किती? आठशे नाहीत, ऐंशीही नाहीत. प्रश्न पाणवठ्यांबद्दल आहे आणि पाणवठे दोनच आहेत. त्यांच्यात वर्दळीशिवाय शंभर फरक असतील. एकात पाणी जास्त असेल, दुसऱ्याभोवती बांबू असेल. एकेका पाणवठ्यावर चार रात्रीच बसा, पण वर्दळीचे दहा आणि शांत दहा पाणवठे घ्या. मार्गदर्शकांनी परत पाठवलेले जे प्रबंध माझ्या पाहण्यात आले, त्यांतले बरेच या एका खड्ड्यात पडलेले होते.

इशारा: बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून केलेल्या नोंदी म्हणजे जंगलातल्या प्राण्यांची संख्या नव्हे. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर येऊ शकतं आणि कित्येक येतच नाहीत. तो अनुभव जरूर घ्या, पण प्रबंधात तो आकडा लोकसंख्या म्हणून लिहू नका.

तपासा: फील्डवर जाण्याआधी निकालाचं रिकामं कोष्टक काढा. कोणते रकाने, कोणत्या ओळी, कोणता आलेख? ते काढता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही.

## टप्पा ५: परवानगी

प्रश्न पक्का झाला त्याच आठवड्यात हा टप्पा सुरू करा. फील्ड डिसेंबरला असेल तर अर्ज जून-जुलैत गेला पाहिजे. ‘आधी जागा बघून येतो, मग अर्ज करतो’ म्हणणाऱ्याचा हंगाम निसटतो.

अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानालाही तीच तरतूद लागू आहे. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. व्याघ्र प्रकल्प असेल तर अर्जावर क्षेत्र संचालकांचं मत मागवलं जातं, म्हणून त्यांना आधी भेटा आणि प्रस्ताव समजावून सांगा. प्राणी पकडायचा, त्याला खूण करायची किंवा हाताळायचं असेल तर कलम १२ लागतं. या कायद्यात पकडणं, सापळा लावणं, अंडी किंवा घरटी बिघडवणं हे सगळं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत येतं. ‘मी तर मोजून सोडूनच देणार होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनखात्याच्या जमिनीसाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जा. शेतात कॅमेरा लावायचा तर मालकाची संमती घ्या. गडचिरोलीसारख्या भागात सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेपुढे उभं राहून काम सांगावं लागतं. मेंढा-लेखाला हा हक्क २००९मध्ये मिळाला, त्यानंतर अनेक गावांना मिळाला. याला अडथळा समजू नका. ग्रामसभेत जे प्रश्न येतात ते तुमच्या प्रस्तावातल्या भोकांवर नेमके बोट ठेवतात. लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी वेगळी.

अर्जात हे सगळं असू द्या: दोन पानी प्रस्ताव, मार्गदर्शकांचं पत्र, सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र, तारखा, परिक्षेत्र आणि कक्ष क्रमांक, वाहनाचा तपशील, कॅमेऱ्यांची संख्या, रात्री थांबणार का, आणि कोणते नमुने उचलणार. सगळ्यांत जास्त राहून जातं ते हे शेवटचं. परवानगी ‘निरीक्षणाची’ असते आणि मुलगा विष्ठेच्या पिशव्या घेऊन नाक्यावर येतो. वनरक्षकाने अडवलं तर त्याचं बरोबर आहे. विष्ठा, केस, पिसं, माती, जे उचलणार ते अर्जात लिहा.

तपासा: परवानगीपत्राच्या पाच प्रती. एक परिक्षेत्र कार्यालयात, एक नाक्यावर, एक बीटच्या वनरक्षकाकडे, एक खोलीत, एक खिशात.

## टप्पा ६: पायलट

पहिले दहा दिवस प्रबंधाचा डेटा गोळा करू नका. पद्धत चालते का ते बघा. हे दहा दिवस वाचवणारे पुढे महिना घालवतात.

हिशेब असा करा. चितळाची घनता काढायची आहे. ट्रान्सेक्टवरून, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालत प्राणी मोजून, घनता काढायला साधारण ६० ते ८० दर्शनं असावीत असा सर्वमान्य दंडक आहे, आणि दर्शन म्हणजे कळप, डोकी नव्हेत. पायलटमध्ये ८ किलोमीटर चाललात आणि २ कळप दिसले, तर ६० दर्शनांसाठी २४० किलोमीटर चालावं लागेल. सकाळी २ आणि संध्याकाळी २ असे दिवसाला ४ किलोमीटर धरले तरी ६० दिवस. आजारपण, परीक्षा, वणवा धरून तीन महिने. तेवढे हातात आहेत का? नसतील तर पद्धत किंवा प्रश्न आताच बदला.

हंगामाचंही याच वेळी बघा. मार्च-एप्रिलला मोह गळायला लागला की पहाटे चारपासून बायाबापड्या टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. तुमच्या ट्रान्सेक्टची वेळ आणि त्यांची वेळ एकच. जंगल त्यांचंही आहे, त्यांना हटवू नका. वाटा आणि तारखा ठरवताना त्यांना विचारा आणि प्रत्येक फेरीला माणसांची, गुरांची नोंद ठेवा. पानगळीने दिसण्यातही फरक पडतो. जानेवारीत तीस मीटरवर लपणारं सांबर एप्रिलमध्ये ऐंशी मीटरवरून दिसतं. दोन्ही महिन्यांचे आकडे तसेच शेजारी ठेवले तर सांबरं ‘वाढलेली’ दिसतील.

## टप्पा ७: प्रत्यक्ष डेटा

ट्रान्सेक्ट. ही रेष सरळ असते आणि नकाशावर आधी ठरलेली असते. जंगलातला कच्चा रस्ता म्हणजे ट्रान्सेक्ट नव्हे. रस्त्यावर काही प्राणी मुद्दाम येतात, काही मुद्दाम टाळतात. नाल्याच्या काठाने गेलेली पायवाटही चालत नाही.

प्राणी दिसला की तीन गोष्टी घ्यायच्या: कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर, होकायंत्रावर त्याची दिशा, आणि रेषेची दिशा. रेष पूर्वेला म्हणजे ९० अंशांवर आहे, कळप १२० अंशांवर ४० मीटरवर दिसला. कोन ३० अंशांचा. ३०चं साइन ०.५, म्हणून रेषेपासून कळपाचं लंब अंतर २० मीटर. घनतेच्या गणितात हाच आकडा जातो, ४० नव्हे.

हे गणित तीन गोष्टी धरून चालतं. रेषेवर असलेला प्राणी चुकत नाही, तो तुम्हाला बघून हलायच्या आधी दिसतो, आणि अंतर अचूक मोजलेलं असतं. म्हणून बोलत चालू नका, जवळचं बघा आणि मग लांबचं. कळप पळाल्यावर तो जिथे थांबला तिथलं अंतर घेऊ नका, पहिल्यांदा दिसला तिथल्या झाडाला रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) लावा. डोळ्याने अंदाज घेतला की सगळे आकडे १०, २०, ५० असे गोळा होतात, आणि आलेख पाहताच परीक्षकाला ते कळतं.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. वाघ-बिबट्याचे पट्टे आणि ठिपके डाव्या-उजव्या अंगावर वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा. उंची साधारण गुडघ्याएवढी. दोन्ही कॅमेरे नेमके समोरासमोर नकोत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. उगवतीला आणि मावळतीला तोंड नको. समोरचं गवत काढा, नाहीतर वारा सुटला की हजार फोटो हलत्या पात्याचे. लावून झाला की कोणालातरी समोरून ओणवं चालत जायला सांगा आणि फोटो आला का बघा. सुरू करताना आणि काढताना पाटीवर स्टेशन क्रमांक, तारीख, वेळ लिहून कॅमेऱ्यासमोर धरा.

पाटीचं एवढं आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. माझ्या प्रबंधाच्या वेळी सात कॅमेऱ्यांवर दुपारचे बारा लावायचे तिथे रात्रीचे बारा लागले. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलेखात मोर मध्यरात्री चरताना दिसायला लागले. पाच स्टेशनांवर पाटीचा फोटो होता, तिथे बारा तासांची दुरुस्ती खात्रीने करता आली. दोन ठिकाणी पाटी धरायची राहून गेली होती. ती दोन स्टेशनं प्रबंधातून काढावी लागली, आणि त्यांतल्या एकावर अख्ख्या अभ्यासातलं एकमेव रानमांजर होतं.

इशारा: जंगलात एकटं जाऊ नका, कधीच. बीटचा माणूस किंवा गावातला वाटाड्या सोबत हवा आणि त्याला ठरलेली मजुरी वेळेवर द्या. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वल समोर येतं, वळणावर आवाज करत जा. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हालचाल थांबवा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा. ते कुठे आहे हे पायलटच्या दिवसांतच जाऊन बघून ठेवा. सिंधुदुर्गात काम असेल तर गोचिडांपासून जपा, तिथे माकडताप आहे. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य खात्याला कळवा. मुक्कामाची खोली, दार, दिवा, संडास यांची सोय मुलींनी आणि मुलांनीही आधी जाऊन बघावी, आणि सोय नसेल तर मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावं. ती सोय करून देणं हे त्यांचं काम आहे.

## टप्पा ८: रोजची संध्याकाळ

डेटाशीट त्याच दिवशी संगणकात भरा. आठवड्याने भरायला बसलात तर स्वतःचं अक्षर लागत नाही, आणि ‘सां’ म्हणजे सांबर की संध्याकाळ ते आठवत नाही. डेटाशीटचा फोनवर फोटो काढा. मेमरी कार्डातले फोटो स्टेशनच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवा, दोन हार्डडिस्कवर ठेवा, आणि मगच कार्ड पुसा. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका.

दर पंधरा दिवसांनी तोपर्यंतच्या डेटाचा आलेख काढा. मोर मध्यरात्री चरताना दिसला तर तो तिसऱ्या आठवड्यात दिसलेला बरा.

## टप्पा ९: लिहिणं आणि परत देणं

पद्धतीचं प्रकरण फील्डवर असतानाच लिहा, तेव्हाच सगळं आठवतं. निकाल हवा तसा आला नाही म्हणून प्रश्न बदलू नका. ‘गुराचराई असलेल्या आणि नसलेल्या कंपार्टमेंटांत फरक आढळला नाही’ हे उत्तर आहे, आणि वनखात्याला त्याचा उपयोग आहे. फक्त किती नमुन्यांवरून हे म्हणता आणि अंदाज किती सैल आहे, ते विश्वास-अंतरासह लिहा. चर्चेच्या प्रकरणात चार महिन्यांच्या कामावरून अख्ख्या महाराष्ट्राला शिफारशी करायचा मोह होतो. तुमच्या बीटांपुरतं बोला.

परवानगीच्या अटींत अहवालाची प्रत द्यायची असते, ती मुदतीत द्या. ती न दिल्याचा फटका तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जाला बसतो. इंग्रजी प्रबंधाखेरीज दोन पानांचा मराठी गोषवारा करा, त्यात एक नकाशा आणि एक आलेख. तो परिक्षेत्र कार्यालयात द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा आणि बीटच्या वनरक्षकाच्या हातात द्या. तुमच्याबरोबर २४० किलोमीटर चाललेल्या वाटाड्याचं नाव आभारात पूर्ण लिहा आणि ते पान त्याला दाखवा. मग कॅमेरे बांधलेल्या झाडांवरच्या दोऱ्या आणि ट्रान्सेक्टच्या खुणेच्या फिती मोजून काढून आणा. लावताना किती होत्या तो आकडा वहीत असेलच.